उंदीर आधी पडले होते

माझ्या थोरल्या बहिणीने मरेपर्यंत नाही, पण आयुष्याची बरीच वर्षं असं मानलं की आमच्या गावात प्लेग तिच्या बोचक्यातून आला. तो तिच्या आधी आला होता. मला ते माहीत होतं. तिला बोलावणारं पत्र मी लिहिलं तेव्हाही माहीत होतं.

मी ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकले. त्यापुढे शिकले नाही आणि त्याचं मला फार वाईटही वाटत नाही. पत्र लिहिता येतं, आलेलं वाचता येतं, एवढं पुरलं. सासर डोंबिवली स्टेशनापासून खाडीच्या बाजूला, कोपरच्या अलीकडे. भाताची शेती आणि गवताचा धंदा. गवत वाळवून, बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. सासरच्या घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटीच. सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, अक्षर ओळखता येत नव्हतं. आमचे यजमान सही करत, तीही नुसती चित्र काढल्यासारखी. हे इथे सांगून ठेवते, कारण पुढे मला दुसऱ्या कुणाच्या आड लपायची सोय राहू नये.

ताई मुंबईत. तिचे यजमान छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. त्यांना एकच मुलगी, आठ-नऊ वर्षांची. बाप मोडके खिळे घरी आणायचा, त्यांच्याशी खेळून खेळून ती पोर उलटी अक्षरं वाचायला शिकली होती. कागद आरशात धरल्यासारखा उलटा लिहायची आणि आम्हाला वाचून दाखवा म्हणायची. आम्हाला काय वाचता येणार.

प्लेगच्या पहिल्या वर्षी मुंबई रिकामी व्हायला लागली. पुढे लोक सांगू लागले की जो तो हवा बघून गेला, कुणी डोंगरावर, कुणी समुद्राकाठी. मी काही कुणाला हवा बघताना पाहिलं नाही. पैसेवाल्यांनी बंगले गाठले असतील. बाकीचे जिथे आपलं माणूस होतं तिथे गेले. पेपरात छापलेलं कुणी खरं मानेना. ताईचे यजमान तर म्हणायचे, आम्हीच छापतो, म्हणून तर विश्वास नाही. सरकारी डॉक्टरवर विश्वास नाही, इस्पितळावर तर नाहीच, तिथे नेलेला माणूस परत येत नाही असं सगळे म्हणत. मग उरलं काय? कुणाच्या तरी मावशीने, मेहुण्याने सांगितलेलं. त्याच्यावर माणसं पोराबाळांना घेऊन निघत होती.

पौषात ताईचं पत्र आलं. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, तिचं सासर, नाशिकच्या पलीकडचं खेडं. पण तिकडे जायचं तर कल्याणला गाडीतून उतरवून तपासत. बायकांनासुद्धा फलाटावर उभं करून, काखेत हात घालून गाठ आहे का बघतात, असं ऐकलं होतं. त्या भीतीने ती वाट गेली. दुसरी, कळवा. छापखान्यातल्या चार-पाच जणांनी खाडीपलीकडे उघड्या माळावर चटयांच्या झोपड्या घातल्या होत्या, त्यांत एक जागा होती. तिसरी वाट मी. ताईने लिहिलं होतं ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "यजमान म्हणतात कळव्याला जाऊ, ओळखीचे आहेत. मला परक्यांत राहायचा धीर होत नाही. पण तुमच्याकडे खरं काय आहे ते तू कळव. इकडे आधी उंदीर पडतात आणि मग माणसं. तुमच्याकडे उंदीर पडतात का, तेवढं नक्की लिही. तू लिहिशील तेच मी खरं धरीन."

ते पत्र आलं त्याच्या चार दिवस आधी मी आमच्या भाताच्या कणगीमागून तीन मेलेले उंदीर काढले होते. कणग म्हणजे बांबूची माणसाएवढी टोपली, शेणाने लिंपलेली, वर्षाचं भात त्यात राहतं. ती पडवीच्या भिंतीला लागून होती. उंदीर मेलेले सापडणं नवं नव्हतं, मांजर मारतं. पण मांजराने मारलेला उंदीर कसा दिसतो हे मला कळत होतं. हे अंगावर जखम नसलेले, तोंडाशी रक्त आलेले, नुसते लोळलेले होते. मी ते सुपलीत घेऊन उकिरड्यात पुरले. दोन दिवसांनी आणखी दोन. तेही पुरले. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी मामंजींना.

मामंजी ओसरीवर गवताच्या पेंढ्या मोजून घेत होते. मी ताईचं पत्र त्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, उंदरांचं काय लिहू?

ते म्हणाले, "उंदरांचं कशाला लिहितेस? उंदीर काय सोयरे आहेत आपले, त्यांचं सुतक कळवायला?"

यजमान हसले. मीही हसले. मामंजींना भीती वेगळीच होती. गावात उंदीर पडतात असं बाहेर गेलं की तबेलेवाले गवत घ्यायचे नाहीत, आणि सरकारचे लोक येऊन, आत ऊन यावं म्हणून घरांची कौलं काढून टाकतील. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर होतं. पण मी सांगितलंच आहे, त्यांना वाचता येत नव्हतं. मी आत जाऊन, दार लावून, काय वाटेल ते लिहू शकत होते. "ताई, येऊ नको" हे लिहायला किती वेळ लागतो?

मी लिहिलं, "इकडे हवा स्वच्छ, पाणी गोड, गावात एकही माणूस आजारी नाही. उंदरांचं म्हणशील तर भाताचं घर म्हटलं की उंदीर असायचेच. तुम्ही निःशंक या. कल्याणपर्यंत जाऊच नका, डोंबिवलीला उतरा, तिथे कुणी तपासत नाही. यांना बैलगाडी घेऊन पाठवते."

यात एकही वाक्य खोटं नाही. मी ते दोनदा वाचून पाहिलं होतं.

का लिहिलं? तेव्हा विचारलं असतं तर मायेपोटी म्हटलं असतं. माया होतीच. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, घरात बोलायला कुणी नव्हतं. पण नुसती माया नव्हती. ताई लहानपणापासून माझ्यापेक्षा सगळ्यात पुढे. तिच्या घरी नळाचं पाणी, तिचा नवरा शिकलेला. माझ्याकडे आली की चार दिवसांत "तुमच्याकडे कसं राहतात गं" असं म्हणणारी. मला वाटलं, एकदा तरी तिने माझ्या दारी गरज म्हणून यावं. कळव्याच्या चटईच्या झोपडीला तिने माझ्यापेक्षा चांगलं मानू नये. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण शोधून मला सापडलेलं नाही.

ती आली. डोंबिवलीला त्या दिवशी उतरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण गावच्या वेशीवर पाटलाचा माणूस उभा होता. पाटलाने आठवड्यापूर्वीच ठरवलं होतं की मुंबईहून येणाऱ्याने दहा दिवस माळावरच्या झोपडीत राहायचं, मगच गावात यायचं. झोपडी बांधून तयार होती, नव्या पेंढ्याची. मला हे ठाऊक होतं, पण आमच्या माणसांना त्यातून सूट मिळेल असं मी धरून चालले होते.

ताई गाडीतून उतरून म्हणाली, "राहू की दहा दिवस. त्यात काय बिघडलं? उलट तुलाच घोर नको."

तिचे यजमानही तयार होते. पोर तर झोपडीकडे पळालीच होती, तिला ते घरकुलासारखं वाटलं. मीच नाही म्हटलं. मी मामंजींकडे जाऊन म्हटलं, सख्खी बहीण माळावर आणि आम्ही कौलाखाली, लोक तोंडात शेण घालतील. मामंजी मानी माणूस. ते पाटलाकडे गेले आणि म्हणाले, सुनेची बहीण म्हणजे माझी लेक, माझ्या जबाबदारीवर घेतो. पाटलाने ऐकलं. त्याने ऐकायला नको होतं, पण त्याच्यावर काय बोलणार, त्याला उंदीर ठाऊक नव्हते.

दारात सासूबाईंनी तिघांवरून भाकरतुकडा ओवाळला. दुरून आलेल्या माणसाबरोबर काही आलं असेल तर ते दारातच उतरावं म्हणून ओवाळतात, आणि तो तुकडा तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथे, नेऊन टाकतात, मागे वळून न पाहता. तो मी नेऊन टाकला. आमचं तिकाटणं शेजारच्या घराच्या कुंपणाला लागून होतं.

त्यांना राहायला मी पडवी दिली. घरात तीच जागा मोकळी होती आणि मी ती मुद्दाम दोनदा सारवली होती. भिंतीला लागून कणग. उंदीर काढले होते ती जागासुद्धा सारवणाखाली गेली. पोरीचं अंथरूण भिंतीकडे, कारण बाहेरच्या बाजूने वारा लागतो. तिथे पडल्या पडल्या ती कणगीच्या वाळलेल्या शेणावर काडीने उलटी अक्षरं कोरायची. सासूबाई रागावल्या, भात सांडेल म्हणून.

आठ दिवस चांगले गेले, हे मी नाकारत नाही. ताई माझ्याबरोबर विहिरीवर यायची, शेजारणी तिला मुंबईचं विचारायच्या. शेजारच्या म्हातारीने विचारलं, तिथे खरंच प्रेतं उचलायला माणसं मिळत नाहीत? ताई म्हणाली, "मिळतात हो काकू, पण जिवंत माणसाला शेजारी मिळत नाही." सगळ्या हसल्या. तिला आमचं दूध आवडलं, तांदूळ आवडला. तुमच्याकडे कसं राहतात असं एकदाही म्हणाली नाही. मला बरं वाटत होतं. सहाव्या दिवशी सकाळी कणगीमागे आणखी एक उंदीर सापडला. ताई आंघोळीला गेली होती. मी तो पदराआड धरून नेला.

नवव्या दिवशी पोरीला ताप भरला. संध्याकाळी जांघेत गाठ दिसली. तापाच्या चौथ्या दिवशी ती गेली. तापात ती बापाला काहीतरी वाचून दाखवत होती, उलट की सुलट ते कुणाला कळलं नाही. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

मग शेजारची म्हातारी, मग तिचा मुलगा. मग आमच्या सासूबाई. गावाला हिशोब लावायला वेळ लागला नाही. आधी मुंबईची पोर, मग जिच्या कुंपणाशी भाकरतुकडा पडला ते घर, मग जिने ओवाळलं ती सासू. वाटच दिसत होती त्यांना. शेजारची सून आमच्या दारात उभी राहून ताईला म्हणाली, "तुझी पोर घालवलीस ती घालवलीस, आमचं घर का पुसलंस?" ताईने मान खाली घातली. मी आत चुलीपाशी होते. मला सगळं ऐकू येत होतं.

तेव्हा बाहेर येऊन बोलले असते तर? काय झालं असतं, ते ठाऊक नाही. मामंजींनी मला हाकललं असतं का? नसतं. बायको मेलेला माणूस, त्यांना बोलण्याचं भान नव्हतं. यजमान रागावले असते. गावाने आमच्या घराला शिव्या दिल्या असत्या. एवढंच.

गाव उठून माळावर झोपड्यांत गेलं. ताई आणि तिचे यजमान कळव्याला निघाले. जाताना ताई माझ्या पाया पडली. थोरली बहीण, धाकटीच्या पाया. म्हणाली, "माझ्यामुळे झालं गं. तुझी सासू गेली. मला माफ कर."

मी म्हटलं, "असू दे ताई, तू काय मुद्दाम केलंस?"

म्हणजे मी तिला माफ केलं.

कळव्याच्या त्या झोपड्यांमधलं कुणीही मेलं नाही. साथ ओसरल्यावर छापखान्यातले ते सगळे मुंबईला परत गेले, पोराबाळांसकट. हे मला तिच्या यजमानांनीच पत्रातून कळवलं, काही वाकडं न लिहिता. ताईला पुन्हा मूल झालं नाही.

त्यानंतर ताईला एक सवय लागली. कुठेही गेली की ती घरात शिरत नसे. अंगणात बसायची. पाय धुवायची, लुगडं बदलायची, तरी आत येत नसे, पहिली रात्र ओसरीवर काढायची. ज्या घरात लहान मूल असेल तिथे जाणंच टाळायची. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटे, काहींना सोवळं वाटे. माझी पहिली मुलगी झाली तेव्हा ती आली आणि दहा दिवस बाळाला हात लावला नाही. लांबून बघायची. मी बाळ तिच्याकडे धरलं तर मागे सरकायची. म्हणायची, "माझ्या अंगात असेल अजून." मी म्हणायचे, काहीतरीच बोलतेस. याच्या पुढे माझी जीभ जात नसे.

गावातल्या बायका तिला मागून मुंबईची मरी म्हणत. समोर हळदीकुंकू लावायच्या, पण तिच्या हातून लावून घेत नसत.

प्लेगनंतर वीस वर्षांनी माझ्या त्याच मुलीचं लग्न निघालं, ठाण्याच्या घरात दिली तिला. ताई आदल्या दिवशी आली. अंगणात मांडवाच्या बाहेर बसली. मी तांदूळ निवडायला घेऊन तिच्यापाशी बसले. दुपारची वेळ, बाकी सगळे रुखवतात गुंतलेले. मामंजी वारले होते, यजमानही वारले होते. मला कुणाची भीती उरली नव्हती, निदान मला तसं वाटलं. मी उंदरांचं सांगून टाकलं.

ताईचा हात थांबला नाही. खडे काढत राहिली. मग म्हणाली, "किती?"

"आधी तीन, मग दोन. तुम्ही असताना एक."

"कुठे?"

"कणगीमागे."

"म्हणजे भिंतीपाशीच. माझी पोर निजायची तिथे."

मी हो म्हटलं.

"पत्र लिहिताना माहीत होतं?"

"होतं."

ती रडली नाही, ओरडली नाही. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. निवडलेले तांदूळ एका बाजूला लोटून म्हणाली, "मला एवढंच कर. उद्या गावच्या बायका पंगतीला बसतील. तेव्हा त्यांच्यासमोर सांग. मला काही म्हणू देत, पण माझ्या पोरीने गाव मारलं म्हणतात ते मला ऐकवत नाही. तेवढं पूस."

मी म्हटलं, सांगते.

दुसऱ्या दिवशी बायकांची पंगत बसली. ताई वीस वर्षांत पहिल्यांदा सरळ आत आली आणि गावच्या बायकांच्या ओळीत पाट ओढून बसली. शेजारची ती सून, आता तीही म्हातारी झालेली, जरा बाजूला सरकली. समोरच्या ओळीत विहीण आणि तिच्या जावा. मी वरणाची कढई घेऊन ओळीतून जात होते. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की विहीण ऐकते आहे. लेकीला आजच तिच्या घरात द्यायची आहे. उद्या सांगू.

"वाढू का?" मी विचारलं.

ताई म्हणाली, "वाढ."

मी वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेले. ताईने पान पूर्ण जेवलं, काही टाकलं नाही. हात धुतला, मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, तिला जवळ घेतलं, आणि स्टेशनवर गेली. माझ्या घरी ती त्यानंतर आली नाही. मी मुंबईला गेले की जेवू घालायची, माझ्या मुलांची चौकशी करायची. बाहेर बसायची तिची सवय सुटली, असं तिचे यजमान सांगत. उद्या सांगेन असं मी ठरवलं होतं, त्या उद्याबद्दल तिने मला कधी विचारलं नाही. सात वर्षांनी ती वारली.

मागच्या महिन्यात आमची नातसून मुलांना ओसरीवर जुन्या गोष्टी सांगत होती. त्यात हीही आली. मुंबईहून एक बाई आली, तिच्या बोचक्यात प्लेग होता, तिच्यावरून ओवाळलेला तुकडा जिथे पडला तिथून सगळं गाव मेलं. तिला ती आपल्याच घरची गोष्ट आहे हेसुद्धा माहीत नाही. मी सुपारी कातरत तिथेच बसले होते. मी म्हटलं, "नाही. उंदीर आधी पडले होते. आपल्याच कणगीमागे. मी हाताने काढले. ती बाई माझी बहीण. मीच तिला बोलावलं, खरं लपवून."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. नातसूनबाई स्वभावाने चांगली आहे. तिने माझ्या हातातून अडकित्ता काढून घेतला आणि म्हणाली, "आजी, किती वर्षं झाली त्याला. तुमचं आता मागचं-पुढचं एक होतं हो. मनाला लावून घेऊ नका."

मग तिने मुलांना गोष्ट पुढे सांगितली, पहिल्यासारखीच.